काजूखालच्या जुन्या मातीत भाजी लावण्यापूर्वी : जैवकोळशाविषयीच्या प्रश्नांना उत्तर

गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका शेतकरी भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या घरामागच्या मोरड (उंचवट्यावरच्या, भरडी) जमिनीत पूर्वी काजूची कलमे होती, वाळवी आणि खोडकिड्यासाठी कित्येक वर्षे बुंध्याशी क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचे द्रावण ओतले जाई आणि पंपही तिथेच धुतला जाई. आता तिथे तांबडी भाजी (लाल माठ), मुळा आणि मिरची लावायची असल्यास जैवकोळसा (बायोचार, म्हणजे कमी हवेत लाकूडफाटा जाळून केलेला कोळसा) मिसळून माती शुद्ध होईल का, आणि त्याऐवजी चुलीतली राख चालेल का? फोंड्याच्या एका बागायतदारांनी कुळागरातील (पोफळीच्या पारंपरिक बागेतील) मातीत साठणाऱ्या बोर्डो मिश्रणाबाबत, म्हणजे मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकाबाबत, असाच प्रश्न केला आहे.

जैवकोळसा मातीतले कीटकनाशक नाहीसे करत नाही, तर ते आपल्या सूक्ष्म छिद्रांत धरून ठेवतो, त्यामुळे ते पिकाच्या मुळांत कमी शिरते आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे कमी झिरपते. आपल्या जांभ्या मातीत याला विशेष महत्त्व आहे, कारण ही माती आम्लधर्मी असते आणि आम्ल मातीत क्लोरपायरीफॉसचे विघटन सावकाश होते. वाळवीसाठी एकाच जागी जास्त प्रमाणात ओतलेले औषध तर वर्षानुवर्षे टिकू शकते. जैवकोळशाने मातीची आम्लता थोडी उतरते, हा त्याचा दुसरा लाभ होय. मात्र घट्ट धरून ठेवलेले विष ते मोडणाऱ्या जिवाणूंनाही सहज मिळत नाही, म्हणून नुसता कोळसा न घालता तो चांगल्या कुजलेल्या कंपोस्टसह द्यावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चुलीतली राख हे काम करू शकत नाही. तिच्यातला कार्बन बहुतेक जळून गेलेला असतो. ती आम्लता कमी करते आणि पालाश देते, पण कीटकनाशक धरत नाही.

घरच्या घरी कोळसा करण्यासाठी करवंट्या किंवा काजूच्या छाटणीच्या वाळलेल्या फांद्या घ्याव्यात. वरच्या बाजूला रुंद आणि तळाशी निमुळता असा खड्डा खणून त्यात थोडे थोडे सरपण थरांनी टाकत जावे आणि वरच्या थरावर पांढरी राख दिसू लागताच पुढचा थर द्यावा, म्हणजे वरची ज्वाळा हवा अडवून धरते आणि खालचा कोळसा जळून जात नाही. शेवटी भरपूर पाणी ओतून तो पूर्ण विझवावा, ओला असतानाच बारीक करावा आणि शेणकाल्यात दोन-तीन आठवडे भिजत ठेवावा. काजूबियांची टरफले मात्र या खड्ड्यात कधीही टाकू नयेत, कारण त्यांतल्या दाहक तेलाचा धूर डोळ्यांना आणि श्वसनाला अपायकारक असतो.

प्रमाणाचा हिशोब आधीच करावा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात सुमारे 2,000 टन माती असते. तिच्या 1 टक्का कोळसा म्हणजे 20 टन, अर्थात दर चौरस मीटरला 2 किलो. दहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद वाफ्याला 60 किलो लागेल आणि त्यासाठी साधारण 250 ते 300 किलो वाळलेल्या करवंट्या जाळाव्या लागतील. म्हणूनच सगळ्या बागेत पसरण्याचा खटाटोप न करता जुन्या बुंध्यांभोवतीची आणि पंप धुण्याची जागा तेवढी निवडावी. पावसाळ्यात हा हलका कोळसा उतारावरून वाहून जातो. तेव्हा ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर, मातीत ओल असताना तो मिसळून वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. पुढे त्या वाफ्यात उगवणीपूर्वीचे तणनाशक वापरल्यास कोळसा तेही धरून ठेवील आणि अपेक्षित परिणाम दिसणार नाही.

कुळागराचा प्रश्न वेगळा आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणाच्या 100 लिटरमध्ये 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), म्हणजे जवळपास 250 ग्रॅम तांबे असते, आणि तांबे हा धातू असल्याने कोणताही जिवाणू ते मोडू शकत नाही. कोळेरोगासाठी (पोफळीची फळे कुजवणाऱ्या बुरशीजन्य रोगासाठी) फवारणी आवश्यक आहे, हे मी जाणतो. पण ती निथळून खाली सांडणार नाही एवढीच करावी. मृदा आरोग्य पत्रिकेवर तांब्याचा आकडा असतो, तो प्रथम पाहावा. तो जास्त असल्यास चुना व जैवकोळसा यांनी मातीचा सामू (pH) थोडा वाढवून तांब्याची उपलब्धता कमी करता येते. पोफळीची मुळे वरच्या थरात असल्याने तिथे खणू नये, कोळसा आच्छादनाखाली पातळ पसरावा.

त्याच पत्रिकेत कीटकनाशकाच्या अवशेषांची तपासणी मात्र नसते. त्यासाठी वाफ्यातल्या पाच-सहा ठिकाणची माती एकत्र करून, प्लास्टिकच्या पिशवीऐवजी स्वच्छ काचेच्या बरणीत भरून, सावलीत व थंड ठेवून लवकरात लवकर अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पोहोचवावी. कोणत्या प्रयोगशाळेत द्यावी, हे आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारावे. अहवाल हाती येईपर्यंत त्या वाफ्यात मुळा व तांबडी भाजी लावू नये, झेंडू लावावा, आणि पंप धुण्याची जागा आजच विहिरीपासून व वाफ्यापासून दूर हलवावी.