मिठागरातल्या जिवाणूंवर करदात्यांचा पैसा का घालवायचा? आणि जनुकं बदलण्यावर सरसकट बंदी का नको?

संशोधनाच्या अनुदानाच्या अर्जातल्या ‘अपेक्षित उपयोग’ या रकान्यावरून आमच्या लेखा विभागाशी माझं अनेकदा वाजलंय. तेव्हा मला विचारल्या जाणाऱ्या या दोन प्रश्नांचं उत्तर थोडं तिखट लागेल.

ते मिठागर म्हणजे स्पेनमधलं सांता पोला. आपल्या भांडुप-मुलुंडकडे आहेत तसलंच. १९९३ साली फ्रान्सिस्को मोहिका यांना तिथल्या एका सूक्ष्मजीवाच्या (जिवाणू नव्हे, आर्किया या वेगळ्याच गटातला, पण असो) डीएनएत ठरावीक अंतराने तोच तो तुकडा दिसला. जपानमध्ये १९८७ सालीच ई. कोलायमध्ये असलं काही सापडलं होतं. या सारख्या तुकड्यांच्या मधले तुकडे विषाणूंचे आहेत हे उलगडायला २००५ उजाडलं, त्यातून क्रिस्परची, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणारी, कात्री २०१२ साली आली आणि तिच्या मदतीने सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर होणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली २०२३ मध्ये. १९९३ साली तो रकाना काय लिहून भरायचा?

आता बंदी. सिकल सेलच्या उपचारात रुग्णाच्याच मूळ पेशी (स्टेम सेल) काढतात, त्यातल्या बीसीएल११ए जनुकाचा एक नियंत्रक भाग तोडतात, मग गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पेशी परत सोडण्याआधी बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. खरा त्रास तिथे होतो, वंध्यत्वाचा धोकाही तिथलाच. कात्रीला कापायची जागा दाखवणारा वाटाड्या आरएनए जेमतेम २० अक्षरं जुळवतो, त्यामुळे मिळत्याजुळत्या दुसऱ्या जागी काप पडू शकतो. पण जे होईल ते त्या रुग्णापुरतं, आणि त्याच्या संमतीने. यावर बंदी मागणं मला क्रूरपणाचं वाटतं.

भ्रूणाचं गणित निराळं, तिथला बदल पुढच्या पिढ्यांतही उतरतो. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या संशोधकाने जुळ्या मुलींचं सीसीआर५ हे जनुक भ्रूणावस्थेतच बदललं, त्यांना एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून. सगळ्या पेशींत बदल सारखा झाला नाही. वडिलांचा एचआयव्ही बाळात जाऊ नये म्हणून शुक्राणू धुणं पुरतं, आणि ते त्याने केलंही होतं! त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा प्रकार निषिद्धच आहे. आई-वडील दोघंही सिकल सेलचे वाहक असले तरी दर गर्भारपणी बाधित बाळाची शक्यता चारात एक. आयव्हीएफमध्ये भ्रूण तपासून निवडता येतो, किंवा १० ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना तपासता येतो. कात्री लागतेच कुठे?

एक मात्र मान्य. कुतूहलापोटी केलेल्या बहुतेक संशोधनातून औषध निघत नाही. आणि या उपचाराची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे, त्यामुळे गडचिरोलीतल्या रुग्णाला आज हायड्रॉक्सीयुरिया हे नेहमीचं औषध वेळेवर मिळणं जास्त मोलाचं.