डोळ्याचा स्कॅन, डाउन सिंड्रोम आणि चाळिशीनंतरची विसर

डाउन सिंड्रोम (जन्मतःच पेशींत एक गुणसूत्र जास्त असणे) असलेल्या मोठ्या माणसांच्या घरून या वेळी पाच पत्रे आली आहेत. एक नेत्रतज्ज्ञ म्हणून जमेल तशी उत्तरे देतो.

माझा भाऊ ३८ वर्षांचा, जन्मापासून डाउन सिंड्रोम. डोळ्याचा स्कॅन केला की स्मृतिभ्रंश दहा वर्षे आधी कळतो, असा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर आलाय. कोल्हापूरला नेऊन करून घेऊ का? आई रोज विचारते. (एक बहीण, निपाणी)

ताई, स्मृतिभ्रंश ओळखायचा म्हणून नेऊ नका. व्हिडिओत अगदीच थाप मारलेली नाही, पण अर्धी गोष्ट सांगितली आहे.

डोळ्यामागचा पडदा गर्भात मेंदूच्याच पेशींपासून तयार होतो. कवटी न उघडता मेंदूचा एवढाच भाग आपल्याला थेट बघता येतो. व्हिडिओतला स्कॅन ज्यावर होतो ते ओसीटी यंत्र या पडद्याचे थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) हिशेबाने मोजते. अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण) झालेल्या लोकांमध्ये यातले काही थर सरासरीने पातळ आढळले आहेत. संशोधकांची आशा आहे ती यावर.

आता तुमच्या भावाचे बघू. त्याच्या पेशींत २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आहे. अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे अमायलॉइड ज्या प्रथिनापासून सुटते, त्याचे जनुक याच गुणसूत्रावर असते. त्यामुळे चाळिशीपर्यंत डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत हे साठे झालेले असतात, आणि आयुष्यात कधीतरी स्मृतिभ्रंश होण्याचा धोका ९० टक्क्यांच्या वर जातो. निदान बहुतेकदा पन्नाशी ओलांडल्यावर होते. म्हणजे धोका आहे का, हे कळायला स्कॅन लागतच नाही. खरा प्रश्न 'कधी' हा आहे, आणि त्याचे उत्तर आजचे ओसीटी देत नाही.

आणखी एक अडचण आहे. डाउन सिंड्रोममध्ये पडद्याचा मधला भाग लहानपणापासूनच इतरांपेक्षा जाड असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. यंत्र रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल रंग दाखवते ते इतर लोकांच्या मापांशी ताडून. जाड पडदा हळूहळू झिजत असला तरी रंग हिरवाच येऊ शकतो. उलट चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल तर काहीही बिघडलेले नसताना लाल येऊ शकतो. एका स्कॅनवरून आईला धीर देणे चूक, आणि घाबरवणे तर त्याहून वाईट.

मुलगी ४१ वर्षांची. दोन-तीन महिन्यांपासून पायऱ्या उतरताना घाबरायलीय, चहा सांडते, टीव्ही बघायची बंद झालीय. सगळे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. (आई, खानापूर)

मावशी, डोक्याचे नाव घेण्याआधी डोळे बघा. पायरीची कड न दिसणे, कपात चहा किती झाला ते न कळणे, टीव्हीतला रस जाणे, ही मोतीबिंदूचीही लक्षणे आहेत. डाउन सिंड्रोममध्ये मोतीबिंदू लवकर येतो. बुबुळ टोकदार होण्याचा आजार, केराटोकोनस, हाही या लोकांत जास्त. तुमची मुलगी 'मला अंधुक दिसतंय' असे म्हणणार नाही, ती नुसती घरात बसून राहील. मोतीबिंदू काढल्यावर माणूस पुन्हा अंगणात हिंडू लागतो.

डोळ्यांबरोबर थायरॉइड, बी-१२ आणि कान तपासा. झोपेत घोरून श्वास अडकतो का, हे एक रात्र जागून बघा. मन उदास आहे का तेही बघा. घरातले जवळचे कोणी गेले असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. यातल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे.

एका गोष्टीत मात्र थांबू नका. चाल एकदम बदलली, हातातली ताकद गेली किंवा लघवी कपड्यात होऊ लागली, तर मानेचे मणके सरकून मज्जारज्जू दाबला जात असेल. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. एरवीही डोळे तपासायच्या यंत्रावर हनुवटी टेकवताना कोणालाही तिची मान जोराने वाकवू देऊ नका.

ओसीटीने दुखते का? एक्स-रेसारखे किरण असतात का? (अथणी)

नाही. प्रकाश असतो, स्पर्शही नसतो. थोडा वेळ एका ठिपक्याकडे बघावे लागते. ज्यांचे डोळे सतत हलतात त्यांना तेवढेही जड जाते.

भावाला दवाखान्यात कन्नडमध्ये प्रश्न विचारले, तो गप्प बसला. कागदावर 'स्मृती क्षीण' लिहिले. घरी तो मराठीच बोलतो. (शहापूर, बेळगाव)

हे वाचून फार वाईट वाटले. ती स्मृतीची परीक्षा झालीच नाही, भाषेची झाली. पुढच्या वेळी त्याला रोज भेटणाऱ्या माणसाने बरोबर बसावे आणि प्रश्न मराठीतून विचारायला सांगावे. तुमचा तो हक्क आहे, संकोच करू नका.

शिवाय आजचा वार कोणता, पंतप्रधान कोण, हे त्याला कधीच येत नसेल तर आज न येण्याला काही अर्थ नाही. त्याची तुलना फक्त त्याच्याशीच व्हावी. म्हणून एक वही घाला. शर्टाची बटणे स्वतः लावतो का, दुकानातून दूध आणून उरलेले पैसे परत देतो का, गणपतीची आरती कुठपर्यंत म्हणतो, हे तारीख घालून लिहा. दर सहा महिन्यांनी मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. पस्तिशीच्या आसपास ही वही सुरू व्हावी, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांनी दरवर्षी ती बघावी. या लोकांत विसर पडण्याआधी बऱ्याचदा स्वभाव बदलतो: हट्ट, आळस, कामाचा क्रम चुकणे. हे स्कॅनच्या आधी वहीत दिसते.

इलाज नाही, तर कळून काय करायचे? मी ७०, बायको ६६. मुलगा ४४. (चिकोडी)

काका, पूर्ण बरे करणारे औषध नाही हे खरे. डोनेपेझिलची गोळी काहींना काही काळ उपयोगी पडते, पण आधी नाडी आणि ईसीजी बघावा लागतो. अमायलॉइड काढणाऱ्या नव्या इंजेक्शनांची जाहिरात दिसली तर थांबा. त्यातल्या लेकानेमॅब या इंजेक्शनाच्या मोठ्या चाचणीत डाउन सिंड्रोमची माणसे घेतलीच नव्हती, आणि त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड असल्याने रक्तस्रावाची भीती राहते.

कळण्याचा उपयोग दुसरीकडे आहे. या वयात पहिल्यांदाच फिट आली तर ती स्मृतिभ्रंशाची खूण असू शकते, आणि फिटवर औषध आहे. गिळताना ठसका लागू लागला की जेवण मऊ करून, बसवून भरवता येते; नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. आणि तुमच्या मागे त्याचे कोण बघणार, हे तुम्हाला आजच ठरवता येते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. दोन्हींसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि अर्जात पालक म्हणून ज्याचे नाव घालणार त्या भाच्याला किंवा पुतण्याला त्या दिवशी बरोबर न्या.