धर्मावरचे वाद टाळून ख्रिस्ती विश्वास रोजच्या जगण्यात कसा पाळायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहान बाळांना बाप्तिस्मा द्यावा की नाही यावरून दर रविवारी जेवताना काकांशी वाजतं, कॉलेजातले मित्र वेगळ्याच प्रश्नांवरून छेडतात, आणि गप्प बसलं की प्रभूला नाकारल्यासारखं वाटतं. मग विश्वास जगायचा कसा?

मी पुण्यातल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलो. बाप्तिस्म्यात पाणी शिंपडायचं की माणसाला बुडवायचं, उपासना शनिवारी की रविवारी, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं अन्य भाषा आज बोलल्या जातात की नाही, हे सगळं मी पंगतीत ऐकलंय, उपासनेनंतर फाटकाशी ऐकलंय आणि मयताच्या घरीसुद्धा ऐकलंय. त्यामुळे तुमची घुसमट मला कळते.

बायबलमधल्या, प्रेषित पौलानं तीताला लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडा आणि आठवं-नववं वचन एका दमात वाचा. आठव्यात पौल सांगतो की देवावर विश्वास ठेवणाऱ्यांनी सत्कर्मांत लक्ष घालावं, ते माणसांच्या हिताचं आहे. लगेच नवव्यात मूर्खपणाचे वाद, वंशावळ्या आणि नियमशास्त्राविषयीची भांडणं टाळायला सांगतो, कारण त्यातून काही निष्पन्न होत नाही. वेळ आणि जीव सत्कर्मांत किंवा वादांत, एकातच घालता येतो. पुढे दहाव्यात फूट पाडणाऱ्याला एकदा-दोनदा बोध करून मग सोडून द्यायला सांगितलंय. काका काही फूट पाडणारे नाहीत, पण एवढा हिशेब त्यांच्याबाबतीतही पुरे: तुमचं म्हणणं दोनदा सांगून झालं असेल तर तुमचं कर्तव्य झालं. तिसऱ्यांदा त्यांना भाजी वाढा.

आणि हो, याच अध्यायात पाचव्या वचनात तारण आपल्या नीतीच्या कामांनी मिळालेलं नाही, देवाच्या दयेनं मिळालं आहे, हे स्पष्ट लिहिलंय. आज्ञा पाळायची ती मिळालेल्या दयेपोटी. हे विसरलं की आज्ञापालनाचाही दिमाख होतो.

माझं खरं म्हणणं वेगळं आहे. पुष्कळदा वाद म्हणजे जे आधीच कळलंय ते न करण्याची सोय असते. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला नियमशास्त्राचा शास्त्री पाहा. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती कर, हे उत्तर त्यानं स्वतःच दिलं. येशू म्हणाला, बरोबर, हेच कर. तेव्हा त्यानं लगेच पुढचा प्रश्न काढला, माझा शेजारी कोण? लूक कारणही देतो: त्याला स्वतःला नीतिमान ठरवायचं होतं. येशूनं व्याख्या दिली नाही. वाटेत जखमी पडलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्या परक्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी पुन्हा म्हणाला, जा, तूही तसंच कर.

म्हणून मी कुठल्याही वादाला एक कसोटी लावतो. याचं उत्तर काहीही आलं तरी उद्या सकाळी मला काही वेगळं करावं लागणार आहे का? नसेल तर सोडून द्यायचं. करण्यासारखं पुण्यात कमी आहे का? घरकामाला येणाऱ्या मावशींचा पगार महिना संपताच द्या. मजुराची मजुरी रात्रभर ठेवू नको असं बायबलच्या लेवीय या पुस्तकात लिहिलंय. फ्लॅट घेताना अर्धी रक्कम रोखीनं मागितली तर तो व्यवहार सोडा, तोटा झाला तरी. ससूनमध्ये बाहेरगावचा पेशंट असेल तर त्याच्या नातेवाइकांना डबा न्या. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मत्तयाचा पाचवा अध्याय: भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याशी समेट करा. गावाकडच्या जमिनीवरून सख्ख्या भावांचा वर्षानुवर्षं अबोला आणि दोघंही प्रभुभोजनाला पुढे, हे आपल्याकडे नवीन नाही. बाळबाप्तिस्म्यावर बोलणं त्यापेक्षा खूप सोपं आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि ज्या धर्मभगिनींकडे (नन) राहत होत्या त्यांच्याशीच सिद्धान्तांवरून त्यांचे मोठे मतभेद झाले. कोणा एका पंथाची चौकट त्यांनी डोळे मिटून स्वीकारली नाही. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या या बाई आयुष्यभर वाद घालू शकल्या असत्या. 1890 साली त्यांनी शारदा सदन ही विधवा आणि मुलींसाठीची शाळा-वसतिगृह मुंबईहून पुण्यात आणलं; 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पालकांनी मुली काढून नेल्या, तरी काम थांबलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुली-बायकांना शोधून आणलं आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. दौंडच्या गाडीनं केडगावला उतरा आणि ते पाहून या. बाईंच्या मतांशी न पटणाऱ्यालाही तिथं काय घडलं ते नाकारता येत नाही.

आता मित्र. विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं पेत्र लिहितो. खरा प्रश्न आणि डिवचणं यांतला फरक तुम्हाला कळेल: खरा विचारणारा उत्तर संपेपर्यंत थांबतो. त्याच्याबरोबर चहा घ्या, निवांत बोला, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. बाकीच्यांवर रागावू नका, त्यांच्या गरजेला मात्र धावून जा.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला लागू करू नका. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या) पंगतीतून उठून वेगळा झाला, तेव्हा पौलानं त्याला सगळ्यांसमोर तोंडावर विरोध केला. तो वाद निष्फळ नव्हता, कारण तिथं माणसं बाजूला सारली जात होती. आपल्या मराठी मंडळ्यांत अजूनही लग्न जुळवताना 'मूळचे कोण?', म्हणजे जात कोणती, हा प्रश्न हळूच विचारला जातो. तुमच्यासमोर तो विचारला गेला तर घरातल्या शांततेसाठी गप्प बसू नका. आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला, आणि ज्या घराला नाही म्हटलं गेलं त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जाऊन या.