‘बस्किन’चं मराठी: ‘अर्धे बूट’ का चालत नाही

प्रश्न असा: शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये परीराणी टिटानिया नवऱ्याला, ओबेरॉनला, हिपोलिटावरून टोमणा मारते, त्यात ती तिला ‘बस्किन्ड’ म्हणते. कोशात ‘अर्धे बूट’ सापडतं. मराठीत काय लिहावं?

कोशातला अर्थ खरा, पण अपुरा. बस्किन म्हणजे पोटरीपर्यंत किंवा गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा, बहुधा पुढून नाड्यांनी आवळलेला बूट. तो शिकारीचा, धावपळीचा. डायना या शिकारदेवतेच्या पायांत तो हमखास असतो. हिपोलिटा अ‍ॅमेझॉन योद्ध्या स्त्रियांची राणी, म्हणून टोमण्याचा रोख तिच्या मर्दानी वेषावर आहे. ‘अर्धे बूट घातलेली’ म्हटलं की वाचकाला बूट अपुरे पडल्यासारखे वाटतात आणि टोमणा वाया जातो. ‘पोटरीपर्यंत बूट चढवलेली तुझी ती रणरागिणी’ असं काही करावं; ‘चढवलेली’त ती ऐट येते.

मात्र हाच शब्द सगळीकडे लावू नका. ग्रीक शोकांतिकेतले नट जो ‘कोथर्नस’ घालत, त्यालाही इंग्रजीत बस्किनच म्हणत. त्यामुळे बस्किन म्हणजे शोकांतिका असा अर्थ रूढ झाला. सुखात्मिकेच्या नटांची हलकी सपाता ती ‘सॉक’. 1623च्या शेक्सपिअर-संग्रहातल्या बेन जॉन्सनच्या कवितेत ही जोडी आहे. कवी मिल्टनचा ‘बस्किन्ड’ रंगमंच म्हणजेही शोकांतिकेचा रंगमंच. तिथे भाषांतरात बूट आणूच नये.

टीप देताना ‘उंच टाचांचे बूट’ असं लिहिण्याची चूक फार होते. इसवी सनापूर्वीच्या 5व्या शतकातला कोथर्नस मऊ नि सपाट तळाचा होता. जाड तळ नंतर आला. कोथर्नस डाव्या-उजव्या कुठल्याही पायात बसे, म्हणून सोयीने बाजू बदलणाऱ्या थेरामेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याला ‘कोथर्नस’ हे टोपणनाव पडलं. आपल्याकडे अशाला दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणतात.

सुखात्मिकेतल्या त्या ‘सॉक’ सपातेच्या नावावरूनच आजचे सॉक्स आले. गंमत म्हणजे फारसीत ‘मोजा’ हा बूट होता, तोही मराठीत येऊन पायमोजा झाला.

जुना शब्द हवा म्हणून ‘पायपोस’ घेण्याचा मोह होईल. पाय झाकणारा तो पायपोस. पलंगपोसातला ‘पोस’ तोच. पण तो आता ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ एवढ्यापुरताच उरलाय. टिटानियाच्या तोंडी घातलात, तर वाचकाला गोंधळच आठवेल.