2018 ची स्प्लेंडर, मीटरवर फक्त 14,000 किलोमीटर. घ्यावी का?

मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, तो मागे फिरवता येतो. त्यापेक्षा ब्रेक पेडल, फूटरेस्टचं आणि गिअर लिव्हरचं रबर बघा. 14,000 ला ते गुळगुळीत होत नाही. उलट जुन्या गाडीला कोरं करकरीत रबर दिसलं, तरी विचारा का बदललं ते.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2322 म्हणजे 2022 चा 23 वा आठवडा. 2018 च्या गाडीला असा टायर म्हणजे मूळ टायर बदललेत. एवढ्या कमी पळण्यात ते बदलावे लागले असतील, तर गणित जुळत नाही. सर्व्हिसची जुनी बिलंही मागा, त्यावर त्या-त्या वेळचं रीडिंग असतं.

गाडी बघायला सकाळी, न कळवता जा. इंजिनाला आधी हात लावून बघा. कळवून गेलात आणि गरम असेल तर मालकाने तुमच्या आधीच चालू करून ठेवलीय, आणि असं का केलं याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या सोयीचं नसतं. थंड इंजिन चालू केल्यावर निळसर धूर सतत येत राहिला तर ऑइल जळतंय, म्हणजे खर्च आलाच.

अ‍ॅव्हरेज मालकाला विचारून उपयोग नाही, सगळे सत्तरच सांगतात. टाकी फुल करून शंभरेक किलोमीटर फिरवा, पुन्हा फुल करा, फिरलेल्या किलोमीटरला दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. एवढं कुणी फिरवू देत नाही, हेही खरं. मग ओळखीचा मेकॅनिक न्या, दोन-तीनशे रुपये घेईल.

गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर आरसीशी (नोंदणी पुस्तकाशी) जुळवा. कर्ज असेल तर फेडल्याची बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.