घाटावरून आणलेली दुभती शेळी घरच्या कळपात कशी रुळवायची?

घरच्या तीन शेळ्या नवीला ढुशा मारतात आणि तिचं दूधही कमी झालंय, असं तुम्ही लिहिलंय. ढुशांचं फार मनावर घेऊ नका, कोण वरचढ हे त्या आपसात ठरवतातच. रक्त निघालं किंवा तिला खाऊच देत नसतील, तरच मध्ये पडा.

खरी काळजी रोगाची. तिला आजच वेगळी बांधा, तीन-चार आठवडे. बाकीच्या दिसाव्यात, पण नाकाला नाक लागू नये. एकटी पडली तर शेळी झुरते. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथीच्या रोगाची) लस झालीय का, विकणाऱ्याला विचारा. खालची पापणी हलकेच ओढून आत बघा: रंग लालसर गुलाबी हवा. पांढरट दिसला तर पोटात रक्त पिणारे जंत असू शकतात. लेंडी तपासून डॉक्टर देतील तेच औषध द्या, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्या.

कडब्यावर वाढलेलीला एकदम फणसाचा पाला भरपूर घालू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. दूध प्रवासाने आणि चारा बदलल्यानेही कमी होतं. गोव्याच्या पावसात लाकडी माच हवाच, ओल्यात खूर कुजतात. एकत्र सोडाल तेव्हा मोकळ्या जागी सोडा आणि चाऱ्याच्या गव्हाणी दोन ठेवा, लांब लांब.