ईस्टरचे उरलेले हॅम पुण्याच्या उन्हाळ्यात कसे संपवावे?

ईस्टरच्या जेवणातून अर्धा किलो शिजवलेले हॅम आणि त्याचे हाड उरले आहे, घरी चार माणसे आहेत, उकाड्यात शेगडीपुढे फार वेळ उभे राहवत नाही आणि वेगळा खर्चही करायचा नाही, असे आपण लिहिले आहे. आम्ही कॅम्पात राहतो आणि दर वर्षी ईस्टरनंतर आमच्या घरी हाच प्रश्न असतो.

माझे पहिले सांगणे असे की हॅमला मटणासारखे ताटातले मुख्य मांस समजू नये, तर सोडे किंवा सुकट जशी मूठभर घालून अख्ख्या वांग्याच्या भाजीला चव आणतो, तसे ते वापरावे. हॅम मिठात मुरवलेले असते, त्यामुळे चौघांच्या एका जेवणाला 100 ग्रॅम पुरते आणि अर्ध्या किलोत पाच जेवणे होतात. आजच त्याच्या 100 ग्रॅमच्या पाच पुड्या करा, दोन फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा आणि उरलेल्या तीन फ्रीझरमध्ये टाका. तिथे त्या महिना-दोन महिने चांगल्या राहतात. पारा 32 अंशांच्या वर असताना हॅम तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नये. एका एप्रिलमध्ये मी डबा दुपारभर ओट्यावर विसरलो होतो. संध्याकाळी तुकडे बोटांना बुळबुळीत लागले आणि सगळे टाकून द्यावे लागले, याचे मला अजून वाईट वाटते.

आमच्या घरी सर्वांत आवडतो तो दहीभात. हॅमचे हरभऱ्याएवढे तुकडे चमचाभर तेलात मंद आचेवर परतावेत. कडा तांबूस होऊन कुरकुरीत झाल्या की त्याच तेलात जिरे, कढीपत्ता आणि हिरवी मिरची घालून ही फोडणी गार दहीभातावर ओतावी. भातात मीठ मुळीच घालू नये. आधी चाखावे, मग ठरवावे. हॅम फारच खारट असेल तर तुकड्यांना मिनिटभर उकळी देऊन ते पाणी टाकून द्यावे.

दुसरा प्रकार म्हणजे काकडी आणि उकडलेल्या बटाट्याची कोशिंबीर, पण तिला फेसलेली मोहरी हवीच. युरोपात हॅमबरोबर मोहरी खाण्याची जुनी रीत आहे आणि आपल्याकडची नाकात झणझणणारी फेसलेली मोहरी दह्यात कालवली की तेच काम उत्तम करते, तेव्हा महागड्या बाटलीची गरज उरत नाही. वरून कैरीचा थोडा कीस घातला तर खारटपणा बेताचा वाटतो.

हाड मात्र फेकू नका. मोड आलेली मटकी किंवा भिजवलेली चवळी त्याच्यासह कुकरमध्ये शिजवा. उसळीला मांसाची पुरेशी चव येते आणि त्या दिवशी हॅमची पुडी उघडावीच लागत नाही. हे काम सकाळी सातच्या आत उरकावे, म्हणजे स्वयंपाकघर तापत नाही.

घरात कोणी गरोदर असेल तर तिला फ्रीजमधले हॅम थंड देऊ नये, कारण लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडाव्यातही वाढतो; तिच्या वाटणीचे तुकडे वाफ येईपर्यंत गरम करून लगेच वाढावेत.